गळाला लागलं का? : मस्की, पाईक आणि खिशातली पक्कड

गेल्या अंकात मी सहज जाता जाता लिहिलं होतं की आमच्या अमेरिकेतल्या मिनेसोटात मस्कीचा (इथल्या तळ्यांतला मोठा दातेरी शिकारी मासा, पाईकचा भाऊबंद) सीझन जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो, बस, एवढ्यावर मेलबॉक्स भरला. आधीच सांगतो, मी काही गाईड नाही, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आहे. लहानपणी रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत आजोबांबरोबर गरवायला जायचो, ती खाज इकडे अठरा वर्षं थंडीत राहूनही गेली नाही एवढंच. जमेल तशी उत्तरं देतो.

दादा, मागच्या रविवारी लेक मिनेटोंकावर ३४ इंची मासा लागला. पोरगा (वय १२) म्हणतो मस्की, मी म्हणतो पाईक. भांडण मिटेना म्हणून फोटो काढून सोडून दिला. फोटो जोडलाय. कोण बरोबर? – एक बाप, वुडबरी

तुम्ही बरोबर, पण पोराला आइस्क्रीम तुम्हीच द्या, कारण "सोडून दिला" हे दोघांनी मिळून एकदम बेस्ट केलंत.

फोटोत बघा, अंग गडद हिरवं आणि त्यावर फिकट लांबट ठिपके, शेवाळी कापडावर तांदूळ सांडल्यासारखे. हा पाईक. मस्कीचं बरोब्बर उलट असतं, अंग फिकट, चंदेरी-पिवळसर, आणि त्यावर गडद पट्टे किंवा डाग, कधीकधी तर काहीच नसतं, साफ कोरा मासा. मग शेपूट बघायची, पाईकच्या शेपटीची टोकं गोलसर, मस्कीची टोकदार. आणि तरीही शंका राहिली तर मासा पाण्यात जाळीतच ठेवून हलकेच उलटा करा आणि खालच्या जबड्याच्या बुडाला बारीक छिद्रं असतात ती मोजा. एका बाजूला पाच किंवा कमी असली तर पाईक, सहा किंवा जास्त असली तर मस्की. हे छिद्रं मोजायचं काम चष्मा घरी विसरलेल्या माणसाने करू नये, मी केलंय, भलतंच निघालं.

तिसरा एक प्रकार आहे टायगर मस्की, म्हणजे या दोघांचा संकर, अंगावर वाघासारखे खणखणीत पट्टे, दिसायला सगळ्यात देखणा आणि पुढे पिल्लं होत नाहीत.

हे ओळखणं एवढं महत्त्वाचं का, तर नियम अगदी वेगळे आहेत. मिनेसोटात मस्की ठेवायचा असेल तर तो निदान ५४ इंच लागतो, म्हणजे साडेचार फूट! तुमचा ३४ इंची मस्की असता आणि पाईक समजून घरी नेला असता तर दंड भरावा लागला असता. शंका आली की सोडा, दुसरा नियम नाही. मस्कीचं पूर्ण नाव मस्केलंज, ते इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलंय, त्यातला "किनोझे" म्हणजे पाईक, म्हणजे नावातसुद्धा ही दोन भावंडं चिकटलेलीच आहेत, तुमच्या पोराची चूक माफ.

नमस्कार. अख्खा उन्हाळा मस्कीमागे घालवला, लेक विंग्रा आणि मोनोनावर. रॉड, रील, ल्युअर (खोटं आमिष) मिळून ६०० डॉलरच्या वर गेले. एकही मासा नाही. बायको रोज विचारते, "आज पण हवा खाऊनच आलात का?" माझं काय चुकतंय? – वाचक, मॅडिसन

काही चुकत नसेल हीपण शक्यता आहे हो. मस्कीला इकडे दहा हजार फेकींचा मासा म्हणतात ते उगाच नाही. मला पहिला मस्की तिसऱ्या वर्षी लागला आणि मधल्या काळात आमच्या घरात "मस्की" हा शब्द "येईल येईल" अशा अर्थाने वापरला जायचा, म्हणजे प्लंबर कधी येणार तर मस्की.

पण एक विचारतो, ल्युअर बोटीजवळ आला की तुम्ही काय करता? उचलून परत फेकता ना? तिथेच बहुतेकांचा घात होतो. मस्की हा पाठलाग करणारा मासा आहे, बकटेलच्या (केसांचा झुबका लावलेल्या ल्युअरच्या) मागे मागे येतो, तोंड लावत नाही, नुसता येतो, आणि बोटीपाशी आल्यावर ठरवतो. तर ल्युअर रॉडच्या टोकापासून हात-दीड हात लांब राहिला की रीळ गुंडाळणं थांबवायचं, रॉडचं टोक पाण्यात घालायचं, आणि न थांबता पाण्यातच मोठ्ठा इंग्रजी आठ काढायचा. वळणं मोठी ठेवायची कारण चार फुटी मासा छोट्या वळणात वळू शकत नाही, गल्लीत शिरलेल्या ट्रकसारखी त्याची अवस्था होते. वळणावर थोडा वेग वाढवायचा. प्रत्येक फेकीला हे करायचं, मासा दिसो न दिसो, हात भरून आले तरी. म्हणून तर रॉड साडेआठ-नऊ फुटी घेतात, आखूड रॉडने आठ नीट निघत नाही आणि कंबर मोडते ती वेगळीच.

माझा पहिला असाच लागला. सप्टेंबर, सूर्य बुडून पाच-सात मिनिटं झालेली, मी कंटाळून आठ काढत होतो आणि घरी जाऊन वरण-भात खायचा विचार चाललेला. पाण्याखाली आधी एक ओंडका हलल्यासारखं वाटलं. मग त्या ओंडक्याला डोळा दिसला. दुसऱ्या वळणावर तोंड उघडलं, आतला पांढरा रंग चमकला, आणि रॉड माझ्या हातातून जवळजवळ गेलाच. ३८ इंची होता, इथल्या लोकांच्या दृष्टीने पोरगंच, पण माझे गुडघे गाडीपर्यंत थरथरत होते.

दुसरं म्हणजे जागा. गवताची कड जिथे खोल पाण्याला मिळते तिथे फेका, गवताच्या मधोमध नाही. विंग्रासारख्या उथळ तळ्यात मस्की भरपूर आहेत, तुम्ही बरोबर ठिकाणी आहात.

लाइन ८० ते १०० पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, वापरताय ना? आणि लीडर, म्हणजे दोरी नि ल्युअरच्या मधला दातांनी न तुटणारा तुकडा? तुम्ही खर्चाच्या यादीत रॉड, रील, ल्युअर लिहिलंत, लीडर लिहिलं नाहीत म्हणून विचारतो. पाईक काय नि मस्की काय, दातांनी आपली साधी तंगूस दोऱ्यासारखी कापतात, मग तीस डॉलरचा ल्युअर माशाच्या तोंडात जातो आणि त्या बिचाऱ्याचे हाल होतात. तारेचा नाहीतर १०० पाउंडाच्या वरचा फ्लुरोकार्बनचा लीडर लावाच.

आणि पौर्णिमा-अमावास्येचं खूप जण विचारतात म्हणून इथेच सांगतो. कोकणात आपण उधाण बघून गरवायला जातो, इथे तळ्याला भरती नाही, तरी लोक चंद्र बघतात आणि मला हसू यायचं. पण २०१४ साली संशोधकांनी मस्कीज इंक या जुन्या क्लबच्या सभासदांनी नोंदवलेल्या तीन लाखांहून जास्त मस्कींचा हिशोब मांडला, तर खरंच पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास मासे जास्त लागलेले निघाले. किती जास्त? साधारण पाच टक्के. म्हणजे चंद्र खरा, पण बायकोला सांगण्याइतका खरा नाही. सुट्टी असेल त्या दिवशी जा.

आईबाबा भारतातून आलेत. कॉटेजवर मुलांना पोहायला पाठवायला आई तयार नाही, म्हणते त्या माशाला कुत्र्यासारखे दात आहेत. मस्की चावतो का हो? – एक सून, थंडर बे

पाय चावल्याच्या बातम्या कधीमधी येतात, पण इतक्या क्वचित की बातमी होते. तो बदकाची पिल्लं खातो हे खरं आहे, नातवंडं नाही. सासूबाईंना डॉकवर खुर्ची टाकून द्या, नजर ठेवायला बरं, बुडण्याचा धोका माशापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मिस्टर दर आठवड्याला पाईक आणतात आणि मला काटे काढायला लावतात. रोहू परवडला असं झालंय. मुलांच्या घशात अडकेल अशी भीती वाटते. करू काय ह्याचं? – वैतागलेली, रॉचेस्टर

ताई, पहिली गोष्ट, आणणाऱ्याने साफ करायचा. हा नियम मिनेसोटाचा नाही, माझा आहे, पण कडक आहे.

पाईकच्या पाठीच्या मांसात वाय आकाराच्या काट्यांची एक अख्खी रांग असते, आपल्या पाल्याइतकी नाही पण भरपूर. साधे दोन फिले (दोन बाजूंचे सपाट काप) काढले की ती रांग फिलेत येते आणि मग जेवताना सगळे गप्प बसून तोंडातून काटे काढत बसतात. त्यावर इथल्या लोकांची पाच तुकड्यांची पद्धत आहे. मासा पोटावर उभा ठेवायचा. डोक्यामागून सुरी खाली घालून पाठीवरची एक सलग पट्टी, वरच्या पराच्या पुढपर्यंत, काढायची, सुरी काट्यांच्या टोकांवरून घासत गेल्याचा आवाज येतो, करकर करकर, तो आला म्हणजे बरोबर चाललंय. मग दोन बाजूंचे दोन तुकडे, काट्यांच्या रांगेच्या बाहेरून, आणि शेपटीकडचे दोन, तिकडे वाय काटे नसतातच. झाले पाच. सांगाड्यावर थोडं मांस राहतं ते राहू दे, मी त्याचं कढण करतो. कातडीवरचा बुळबुळीत थर मीठ आणि व्हिनेगर चोळून धुवायचा, वास निम्मा जातो, आणि कातडी काढलीत तर उरलेलाही.

चवीला मांस पांढरं, घट्ट, थोडं कोरडं. म्हणून रवा फ्राय बरी लागते, पातळ रश्श्यात मला नाही आवडत. आगळ, हळद, लाल तिखट, मीठ लावून अर्धा तास, मग तांदळाचं पीठ नि रवा, आणि तेल नीट तापू द्यायचं. तिरफळ घालू नका, त्याला बांगड्यासारखा तेलकट मासा लागतो, पाईकवर तिरफळच तिरफळ लागतं.

आणि मिस्टरांना पाच तुकडे जमलेच नाहीत तर वाटून टाका. काट्यांना कंटाळलेल्या लोकांनी जिकडेतिकडे हेच केलंय, फ्रान्सात लियोंकडे पाईकचं मांस वाटून मऊ लांबट गोळे करतात, ज्यू लोकांच्या गेफिल्टे फिशमध्येही पाईक असतो, मग आपण आलं-लसूण-मिरची-कोथिंबीर घालून कटलेट का नाही करायचे? वाटण दोनदा फिरवा म्हणजे झालं.

दोन गोष्टी मात्र मस्करीत घेऊ नका. इथे कोणी कच्चा पाईक व्हिनेगरमध्ये मुरवून लोणच्यासारखा देतात, व्हिनेगरने काटे विरघळतात म्हणून. चव छान असते, पण पाईकमध्ये माणसाला होणारा पट्टकृमी असू शकतो आणि तो व्हिनेगरने मरत नाही, मासा आधी उणे २० सेल्सिअसला सात दिवस गोठवलेला हवा. नीट शिजवला तर प्रश्नच नाही. आणि पारा. मोठा पाईक म्हणजे वर्षानुवर्षं छोटे मासे खाऊन पारा साठवलेला मासा, तो पारा मांसातच असतो, धुऊन, तळून, चरबी काढून जात नाही. गरोदर बायका आणि लहान मुलांनी ३० इंचांवरचा पाईक खायचाच नाही असा मिनेसोटाच्या आरोग्य खात्याचा सल्ला मी वर्षानुवर्षं बघतोय. खायला २०-२२ इंची आणा म्हणावं, मोठा दिसला की फोटो काढून सोडा. चवही लहानाचीच चांगली.

काका, माझा पहिला मस्की ४४ इंच, ऑगस्टमध्ये. सगळं नीट केलं, सोडला, पण तो उलटा झाला आणि तरंगत लांब गेला. दोन रात्री झोप नाही. काय चुकलं? – वाचक, मिसिसॉगा

तुला खोटं समाधान देत नाही, तो बहुतेक मेला असेल. मीपण मारलाय एक.

जुलैचा शेवट होता, उकाडा, पाणी हाताला कोमट लागत होतं आणि तेव्हाच कळायला हवं होतं. ४६ इंची. मी त्याला जाळीतून काढून बोटीच्या कार्पेटवर ठेवला, दोन हुक तोंडात आणि एक जाळीत अडकलेला, पक्कड सापडेना, ती सीटखालच्या डब्यात होती. मग फोन. फोन मित्राच्या खिशात, त्याचे हात बुळबुळीत, लॉक उघडेना. एक फोटो अंधारा आला म्हणून दुसरा, मग मित्राचा त्याच्याबरोबर. चार फोटो. पाण्यात ठेवला तेव्हा कल्ले हलत होते पण अंग सरळ राहत नव्हतं, मी शेपटी धरून वीस मिनिटं पाण्यात हात घालून बसलो. सोडला की हळूच कुशीवर. पुन्हा धरायचा, पुन्हा कुशीवर. शेवटी पोट वर झालं. एवढा मासा व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि मी त्याला चार फोटोंत संपवला. त्यातला एकही फोटो मी ठेवला नाही.

तुझं नेमकं काय झालं असेल? ऑगस्ट, हे पहिलं. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी आणि मासा झुंजून दमलेला, त्याला धाप भरून काढायला पुरतच नाही. पाणी ८० फॅरनहाइटला पोचलं की मस्कीला जायचंच नाही, इथले जाणते लोक सरळ बोट बांधून ठेवतात. दहा डॉलरचा थर्मामीटर घे.

दुसरं, सगळी हत्यारं फेक करण्याआधी बाहेर. लांब नाकाची पक्कड माझ्या उजव्या खिशात असते, बोल्ट कटर पायाशी. हुक निघत नसेल तर ओढाताण करायची नाही, कट करून टाकायचा, हुक डॉलरभराचा. आणि हे सगळं मासा पाण्यातच ठेवून, मोठ्या जाळीत, जाळी बोटीला टेकवून. लांबी तरंगत्या पट्टीवर पाण्यातच. फोटो हवाच असेल तर समोरच्याचा कॅमेरा चालू झाल्यावर उचलायचा, एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली जबड्याच्या कडेला, आतल्या लाल कल्ल्यांना बोट लावायचं नाही, दुसरा हात पोटाखाली, मासा आडवा. उभा लटकवायचा नाही, एवढ्या वजनाने आतून फाटतं. तू स्वतः श्वास रोखून धर, तुला धाप लागली की त्याला लागलीच समज. मग पाण्यात शेपटी धरून, पोट खाली राहील असा सरळ ठेवायचा, तो स्वतः झटका मारून हात सोडवेपर्यंत.

एवढं करूनही कधी जातो. २०२१ च्या नोव्हेंबरात मिल लॅक्स तळ्यावर ५५ पाउंड १४.८ औंसाचा मस्की लागला, १९५७ पासूनचा मिनेसोटाचा रेकॉर्ड मोडला. पकडणाऱ्यांनी सोडायचाच प्रयत्न केला होता, मासा सावरला नाही म्हणून मग वजन केलं. तेही थंड पाण्यात. तेव्हा दोन रात्री पुरे, आज झोप.

डुलुथला जातोय, वाटेत हेवर्डचा तो मोठा मासा बघण्यासारखा आहे का? – वाचक, शिकागो

वाट थोडी वाकडी होईल पण जा. विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड गावातला तो फायबरग्लासचा मस्की, १४३ फूट लांब, जबड्यात उभं राहून फोटो काढता येतो आणि तिथे कितीही फोटो काढा. गंमत म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या मस्कीचे दोन दावे त्याच परगण्यातले आणि एकाच वर्षातले, १९४९. जुलैत कॅल जॉनसनचा ६७ पाउंड ८ औंस, ऑक्टोबरात लुई स्प्रेचा ६९ पाउंड ११ औंस. एक संस्था एकाला मानते, दुसरी दुसऱ्याला, आणि हेवर्डच्या बारमध्ये हा विषय काढायचा असेल तर बिल आधी भरून ठेवा.

मुलगा विस्कॉन्सिनला असतो, तो या माशांचे फोटो पाठवतो. असा लढाऊ मासा आपल्याकडे आणून कोयनेत सोडला तर पर्यटन वाढणार नाही का? – वाचक, सांगली

काका, तुमचा उत्साह आवडला पण देवा नको. एक तर पाईक बर्फ वितळल्या वितळल्या थंड पाण्यात अंडी घालतो, आपल्याकडे तो तग धरणं कठीण. आणि धरला तर आणखी वाईट. कॅलिफोर्नियात लेक डेव्हिस म्हणून धरण आहे, तिथे कोणीतरी गुपचूप पाईक सोडले. ते खालच्या नद्यांत उतरले तर तिकडचे मासे संपतील म्हणून सरकारने १९९७ ला अख्ख्या तळ्यात विष घातलं, तरी पाईक परत दिसले, २००७ ला पुन्हा घातलं. तळ्याकाठच्या गावाचं पाणी, धंदा, डोकं, सगळं फिरलं. आपल्याकडे उजनीत चिलापीने काय केलंय ते तिथल्या मच्छिमारांना विचारा, आणि आफ्रिकन मांगूरवर २००० पासून बंदी असून तो कुठे कुठे निघतो ते पेपरात येतंच.

तुम्हाला लढाऊच हवा ना, मग मरळ आहे की! दबा धरून बसतो, बेडकावर झडप घालतो, पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेतो, पाईकची तेवढी बिशाद नाही. मुलगा सुट्टीवर आला की त्याच्याकडचा रबरी बेडूक आणायला सांगा आणि जुन्या तळ्यात कमळाच्या पानांवरून ओढा. फक्त लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे टाकू नका, खाली आईबाप राखण करत असतात आणि रागाने तोंड मारतात, ते गेले की पिल्लं गेली.

बाबा तीन महिन्यांसाठी आलेत, कंटाळलेत, मासेमारी आवडते. व्हिजिटर व्हिसावर चालतं का? – वाचक, मेपल ग्रोव्ह

चालतं. १६ आणि त्यावरच्या सगळ्यांना लायसन्स लागतं, बाहेरून आलेल्यांसाठी २४ तासांचं, ७२ तासांचं, सात दिवसांचं असं मिळतं, ऑनलाइन काढा. बाबांना मस्कीमागे नेऊ नका, दिवसभर फेकून खांदा जाईल. डॉक, खुर्ची, बॉबर (दोरीवरचा तरंगता गोळा), लीडर आणि खाली छोटा मासा, पाईक येतोच.

माझे बाबा आलेले तेव्हा मी हेच केलं. "तळ्यात गळ टाकायला सरकारची परवानगी?" इथपासून सुरुवात. तासाभरात पाईक लागला, बाबांनी स्वतः ओढला, लगेच "तुकड्या किती होतील" चालू. मी टेप लावला, २५ इंच. आम्ही राज्याच्या उत्तर-मध्य झोनमध्ये होतो, तिथे छोटे दहापर्यंत नेता येतात पण २२ ते २६ इंचांमधले सगळे परत सोडायचे, कारण तिकडच्या तळ्यांत बारक्या पाईकची नुसती गर्दी झालीय आणि मधल्यांना वाढू द्यायचंय. मी समजावलं. बाबा म्हणाले, म्हणजे एकवीसचा असता तर चालला असता, हा मोठा आहे म्हणून नाही? मी म्हटलं हो. मग सत्तावीसचा? तो चालला असता, असे दोन. बाबांनी माझ्या हातातून टेप घेतला, चष्मा पुसला, आणि शेपटी नीट मिटवून, मग फाकवून, दोनदा स्वतः मोजला. पंचवीसच भरला.